नगण्य

सरकारी भाषेत काही शब्द असे आहेत की ते कागदावर एकदा उतरले म्हणजे पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. ‘यथावकाश’, ‘नियमानुसार’, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ हे त्यांपैकी आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचे. ह्याच कुळातला, परंतु ह्या सर्वांहून अधिक सामर्थ्यवान असा एक शब्द गेल्या काही दशकांत कचेऱ्यांत येऊन स्थिरावला आहे. एखादा मोठा पूल, धरण किंवा रस्ता बांधावयाचा झाला म्हणजे त्याचा सभोवतालच्या सृष्टीवर काय परिणाम होईल ह्याचे मूल्यमापन करवून घ्यावे लागते. त्या मूल्यमापनाच्या जाडजूड अहवालात एक कोष्टक असते. त्यात एका बाजूस संभाव्य परिणामांची नावे आणि दुसऱ्या बाजूस त्यांची मोजदाद. त्या मोजदादीच्या घराघरांतून हा शब्द शांतपणे बसलेला आढळतो : नगण्य.

शब्द मोठा साधा दिसतो. न गण्य ते नगण्य. पण ह्या ‘न गण्य’चे अर्थ दोन होतात. जे मोजता येत नाही तेही नगण्य, आणि जे मोजण्याच्या योग्यतेचे नाही तेही नगण्यच. पहिला अर्थ आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगतो. दुसरा आपल्या मूल्यांचा निवाडा सांगतो. पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात फैसला आहे. कोष्टकाच्या चिमुकल्या घरात हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे काही मिसळून जातात की लिहिणाऱ्याने कबुली दिली की फैसला केला, हे वाचणाऱ्यास कळू नये. आणि अनेकदा तर लिहिणाऱ्यासही ते ठाऊक नसावे. ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो एवढाच : लोकांच्या खऱ्याखुऱ्या हिताचे एखादे काम करताना जे बुडते, त्याला ‘नगण्य’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो त्याने कसा वापरावा?

प्रश्न जयपुरात बसून विचारणे काहीसे विचित्र वाटेल, कारण जयपुरास मोठी नदी नाही. वाई, नाशिक, सांगली, पंढरपूर अशा गावांतून आलेल्या आपल्यासारख्यांना ही उणीव पहिल्याच वर्षी जाणवते. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर मोठ्या रेखीवपणे वसविले. चौक, रस्ते, दरवाजे सारे मोजूनमापून. पण घाट नाही. तथापि नदी नसलेल्या ह्याच शहरात, येथल्या सचिवालयात, राजस्थानातल्या नद्यांचे पुष्कळसे भवितव्य ठरत असते. चंबळेवर पूल कोठे व्हावा, बनासची वाळू कोणी काढावी, कोणत्या नदीचे पाणी कोणत्या खोऱ्यात वळवावे, ह्याच्या फायली येथे हलतात. ज्यांनी ती नदी उन्हाळ्यात एकदाही पाहिली नाही अशा माणसांच्या मेजांवरून नदीचा प्रवास होतो, आणि ती माणसेही तीन वर्षांनी बदलून दुसरीकडे जातात.

शिवाय जयपुरास नदी मुळीच नाही असे म्हणणे हेदेखील ‘नगण्य’चेच एक उदाहरण आहे. नाहरगडाच्या डोंगरांतून निघून शहराच्या पश्चिमेने व दक्षिणेने सुमारे सत्तेचाळीस किलोमीटर वाहत जाऊन ढूंढ नदीस मिळणारा जो प्रवाह, त्याचे नाव द्रव्यवती. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला अमानीशाहचा नाला म्हणत आले. एकदा नदीचा नाला झाला म्हणजे त्यात सांडपाणी सोडावयास, सांगानेरच्या कापडछपाईचा रंग ओतावयास, पात्रात घरे बांधावयास कोणास संकोच वाटत नाही. १९८१ च्या पावसाळ्यात ह्या शहराने जो महापूर पाहिला, त्या वेळी नाल्याने आपण नदी असल्याचे सांगून पाहिले. पुढे २०१६ साली तिच्या पुनरुज्जीवनाची मोठी योजना निघाली आणि जुने नाव पुन्हा कागदावर आले. २०१८ च्या ऑक्टोबरात त्या कामाचे उद्‌घाटनही झाले. काँक्रीटने बांधलेल्या काठांमधली नदी ही नदी म्हणावी की नाही, हा वाद बाजूस ठेवू. मुद्दा असा की टोंक मार्गावरून सांगानेरकडे जाताना आपण ह्या नदीवरचा पूल ओलांडतो, आणि आपण एक नदी ओलांडली हे आपल्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. नगण्यता प्रथम मनात येते. कोष्टकात ती मागाहून उतरते.

आता खऱ्या पुलाकडे, म्हणजे चंबळेकडे जाऊ. ही नदी आपणा मराठी माणसांस अगदीच परकी नव्हे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात ती उगम पावते, आणि उत्तरेकडील स्वाऱ्यांच्या मराठी पत्रव्यवहारात तिचे नाव वारंवार येते. बहुधा ओलांडावयाची नदी म्हणूनच. ओलांडणे ही माणसाची नदीशी असलेली फार जुनी गरज आहे, आणि ती गरज आजही किती जीवघेणी असू शकते हे १६ सप्टेंबर २०२० रोजी दिसून आले. त्या दिवशी कोटा जिल्ह्यात खातोलीच्या बाजूस, पलीकडच्या बुंदी जिल्ह्यातल्या कमलेश्वर महादेवाच्या दर्शनास निघालेल्या गावकऱ्यांची नाव चंबळेत उलटली. नावेत बायका होत्या, मुले होती, शिवाय मोटारसायकलीही चढविलेल्या होत्या. दहाहून अधिक माणसे बुडाली. त्याच टापूत झरेल येथे जी ठेंगणी फरशी आहे ती पावसाळ्यात पाण्याखाली जाते, आणि कोटा व सवाई माधोपूर ह्यांमधला तो मार्ग बंद होतो. अडलेल्या बाळंतिणीला, साप चावलेल्या माणसाला, परीक्षेला निघालेल्या मुलाला वळसा घालून जाण्यावाचून गत्यंतर नसते. अशा ठिकाणी उंच पूल हवा, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ‘पूल कशाला?’ असा प्रश्न ज्यांना सुचतो त्यांनी भर श्रावणात एकदा त्या काठावर उभे राहून पाहावे.

परंतु चंबळेचा हा प्रवाह अभयारण्यही आहे. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान ह्या तीन राज्यांनी मिळून तो राखून ठेवला, तो मुख्यतः घडियालासाठी. आपल्याकडे जिला सुसर म्हणतात तिच्याच जातीचा हा लांब, निमुळत्या जबड्याचा, मासे खाऊन राहणारा प्राणी. नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो म्हणून घडियाल. जगात आज उरलेल्या घडियालांपैकी सर्वांत मोठी वस्ती ह्याच नदीत आहे. त्याची मादी मार्च-एप्रिलच्या सुमारास काठच्या उंच, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, आणि पावसाळा तोंडावर आला असता जूनमध्ये पिले बाहेर पडतात. घरट्यास वाळू विशिष्ट उंचीचीच लागते. फार खाली असेल तर अवेळी आलेल्या पाण्यात अंडी नासतात. फार वर किंवा दूर असेल तर पिलांना पाणी गाठता येत नाही. अनेक माद्या एकाच वाळूकाठावर, वर्षानुवर्षे त्याच जागी येतात. नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा नावाचा पक्षी अंडी घालतो. खालची चोच वरच्या चोचीहून लांब असलेला हा पक्षी पाणी चिरीत उडतो. पाण्यात मगर आहे, कासवे आहेत, खालच्या अंगास गंगेचा डॉल्फिन आहे. ह्या साऱ्यांचे घर म्हणजे पाणी, वाळू आणि त्या दोहोंची ठराविक वेळी होणारी अदलाबदल.

पूल ह्या घराचे काय करतो? वर पाहणाऱ्यास पूल हवेत असतो, आणि नदी खालून वाहत असते. दोघांचे एकमेकांशी देणेघेणे नसावे असेच वाटते. पण पात्रात उभा राहिलेला प्रत्येक खांब पाण्याची वाट थोडी अरुंद करतो. अरुंद वाटेतून पाणी वेगाने जाते आणि खांबाच्या पायथ्याशी तळ खरवडते; वरच्या अंगास पूर थोडा अधिक चढतो; खरवडलेली वाळू खाली कोठेतरी नवी जागा घेते आणि जुना वाळूकाठ विरत जातो. काठावरचा भराव तर खांबांहूनही अधिक काम करतो. खांबांमधून पाणी निदान जाते. भरावातून जात नाही. पंचगंगेकाठच्या वाचकांना हे सांगावयास नकोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापुराजवळ शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तेथल्या लोकांची तक्रार पुलाविषयी नव्हती, त्याच्या भरावाविषयी होती. शिवाय बांधकामाची वर्षे निराळीच : यंत्रांचे हादरे, रात्रीचे दिवे, पात्रात टाकलेले कच्चे रस्ते, आणि मजुरांच्या वस्त्या. आणि शेवटी पूल उभा राहिल्यावर त्यावरून जे जाते ते. जेथे बैलगाडीही पोहोचत नव्हती तेथे मालमोटार पोहोचते, आणि चंबळेसारख्या नदीच्या काठी मालमोटार पोहोचली म्हणजे वाळू शिल्लक राहील असे खात्रीने कोणी सांगू नये.

वास्तविक स्थापत्यशास्त्राने नदीकडे कधीच दुर्लक्ष केलेले नाही. फक्त त्याचा प्रश्न उलट बाजूचा होता. नदी पुलाचे काय करील, हे शोधण्यासाठी अभियंत्यांनी पुराच्या खुणा शोधल्या, तळ किती खोल खरवडला जाईल ह्याची गणिते मांडली, खडक लागेपर्यंत पाये नेले. हे गणित किंवा पुढची देखभाल चुकली तर नदी त्याचा पुरता वसूल करते. सावित्रीवरचा महाडजवळचा १९२८ सालचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या गेल्या, ही आठवण महाराष्ट्रातून दूर असलेल्या आपल्यालाही त्या दिवसांत झोपू देत नव्हती. ‘पूल नदीचे काय करील?’ हा प्रश्न मात्र कायद्याने विचारावयास लागून फारसा काळ लोटलेला नाही. अमेरिकेने असा कायदा १९७० च्या पहिल्या दिवशी केला. आपल्याकडे १९७६-७७ पासून नदीखोरे प्रकल्पांची ह्या दृष्टीने तपासणी होऊ लागली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सृष्टीचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरविले. आणि १९९४ च्या जानेवारीत मूल्यमापन सक्तीचे करणारी अधिसूचना निघाली. १९९७ साली तीत जनसुनावणीची भर पडली आणि २००६ च्या सप्टेंबरात संबंध अधिसूचना नव्याने काढण्यात आली.

गंमत अशी की ज्या प्रकल्पांना मूल्यमापन आवश्यक त्यांच्या २००६ च्या अनुसूचीत धरण होते, खाण होती, महामार्ग होता. परंतु ‘पूल’ हा शब्द स्वतंत्रपणे कोठेच नव्हता. दिल्लीस यमुनेवर वझीराबादेपाशी मोठा देखणा पूल बांधला जात असता हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने निर्णय दिला की असा पूल हाही त्या अनुसूचीतल्या बांधकाम व क्षेत्रविकास ह्या सदरांत मोडू शकतो. पण तोवर पुलाचे बरेचसे काम होऊन गेले होते. ते पाडावयास सांगणे शहाणपणाचे ठरले नसते, आणि तसे कोणी सांगितलेही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात पूल खुला झाला. ह्यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. तथापि एवढे ध्यानात येते की नदीवर बांधावयाच्या वास्तूंच्या यादीत नदीवरची सर्वांत उघड वास्तूच राहून गेली होती. यादी करणाराच्या मनात पूल म्हणजे उपद्रव अशी कल्पनाच उठली नसावी. उपकारातही उपद्रव असतो, हे मनास सुचणे सर्वांत कठीण.

ह्या कठीण गोष्टीची जाणीव आपल्या परंपरेने मात्र फार पूर्वी ठेवली होती, आणि योगायोग असा की ती चंबळेशीच निगडित आहे. चंबळेचे प्राचीन नाव चर्मण्वती. महाभारतातली कथा अशी की राजा रंतिदेव हा अतिथींस अन्न देण्यात अद्वितीय. त्याच्या यज्ञांत आणि भोजनांत जे पशू मारले गेले त्यांच्या कातड्यांच्या राशींतून जी ओल पाझरली तिची ही नदी झाली. कालिदासानेही मेघाला वाट सांगताना ह्या नदीस रंतिदेवाची कीर्ती म्हणून वंदन करावयास लाविले आहे. कथेचा अक्षरार्थ कसा घ्यावा हा पंडितांचा विषय. पण कथेने एक गोष्ट लपविली नाही. स्वतः उपाशी राहून पुढ्यातले अखेरचे पाणीही याचकास देणारा म्हणून भागवताने गायिलेला तो हाच रंतिदेव. अशा राजाच्या पुण्यकर्मालाही शेष होता, तो शेष वाहत राहिला, आणि लोकांनी त्याला नाव दिले. कीर्ती आणि कातडी दोन्ही एकाच शब्दात साठविली. आजच्या एखाद्या अहवालकाराने त्या राशींपुढे काय लिहिले असते, ह्याची कल्पना वाचकांस करता येईल.

मूल्यमापन म्हणजे माझ्या मते ह्या शेषाचा हिशेब होय. माणूस श्रेष्ठ की सुसर, हा वाद तेथे मुळात नाहीच. तो वाद मोठ्याने घातला जातो, कारण तो घातला म्हणजे हिशेब टाळता येतो. बुडालेल्या नावेतली मुले एका पारड्यात आणि घडियालाची अंडी दुसऱ्या पारड्यात टाकून विचारले की कोणते जड, तर सभ्य माणसाकडून उत्तर एकच येणार. आणि ते उत्तर मिळाले की अंड्यांचा विषय संपला असे समजले जाते. पण पुलाचे समर्थन करण्यासाठी अंडी नगण्य असण्याची गरजच नाही. मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी बाप जमीन विकतो तेव्हा जमीन क्षुल्लक होती म्हणून विकत नाही. ती मोलाची असूनही विकतो, आणि तिचे मोल आयुष्यभर विसरत नाही. जमीन कवडीमोल होती असे जो म्हणेल तो उद्या दुसरी जमीन विनाकारण विकेल. ‘हे गेले, आणि ते अशासाठी गेले’ असे लिहिणारा पूल बांधतो. ‘काहीच गेले नाही’ असे लिहिणाराही पूलच बांधतो. आजचा पूल तोच राहील. फरक पडतो तो पुढच्या पुलाच्या वेळी.

आणि पुढचा पूल येतोच. धान्याचा एक दाणा काढल्याने रास नाहीशी होत नाही, दुसरा काढल्यानेही नाही. मग ती नाहीशी होते केव्हा, असे एक जुने ग्रीक कोडे आहे. वाळूच्या बाबतीत ते कोडे राहिलेलेच नाही. एका मालमोटारीतली वाळू नगण्य, एका खांबाने सरकलेला काठ नगण्य, एका उपसा योजनेने उतरलेले पाणी नगण्य. चंबळेवर कोट्याच्या वर गांधी सागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि खुद्द कोट्याचा बंधारा असे चार अडसर आधीच आहेत; अहवाल मात्र प्रत्येक वेळी ज्या एका कामासाठी लिहावयाचा तेवढ्याच कामाचा लिहिला जातो. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण लहानपणी शिकलो. थेंबे थेंबे तळे आटते हे जयपूरकरांस रामगढने शिकविले. बाणगंगेवरचे ते सरोवर एकेकाळी ह्या शहराची तहान भागवीत असे, आणि १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या नौकांच्या शर्यती तेथे झाल्या. पाणलोटात कोणी छोटा बांध घातला, कोणी शेत वाढविले, कोणी घर बांधले. चालू शतकाच्या आरंभीच्या वर्षांत शर्यतीच्या जागी कोरडी माती राहिली. उच्च न्यायालयाने २००४ साली जलप्रवाह स्वातंत्र्याच्या वेळी जसे होते तसे मोकळे करण्यास सांगितले, २०११ साली रामगढची दखल आपणहून घेतली. पण ज्यांची प्रत्येकाची करणी नगण्य, अशा हजारो माणसांपैकी अपराधी कोणास म्हणावे?

त्यांत आपली गणना होत नाही असेही कोणी समजू नये. रामगढ आटल्यावर जयपुराच्या नळांस बिसलपूर धरणातून बनासचे पाणी येऊ लागले, आणि ह्या शहरातली घरे, आपण भाड्याने किंवा सरकारकृपेने राहतो ती सुद्धा, पुष्कळशी बनासच्या वाळूने बांधलेली आहेत. बनास पुढे जाऊन चंबळेसच मिळते. वाळू किती काढली तर नदी ती पुन्हा भरून आणील ह्याचा अभ्यास न करताच उपसा चालला होता म्हणून सर्वोच्च न्यायालयास २०१७ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या ब्याऐंशी ठेकेदारांचा वाळूउपसा थांबवावा लागला, आणि ती बंदी उठावयास २०२१ साल उजाडले. त्या अवधीत वाळू महाग झाल्याची तक्रार आपल्या बैठकांतही ऐकू येत असे. नदी महाग झाली असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता ‘नगण्य’च्या पहिल्या अर्थाविषयी, म्हणजे जे मोजता येत नाही त्याविषयी. २००७ च्या डिसेंबरापासून पुढचे दोनतीन महिने चंबळेत घडियाल मरून वाहत येऊ लागले. शंभराहून अधिक मेले. देशोदेशीचे तज्ज्ञ आले, शवविच्छेदने झाली. मूत्रपिंडे निकामी होऊन सांध्यांत विकार झाला होता एवढे दिसले. माशांवाटे काही विष पोटात गेले असावे असा तर्क झाला. पण ते विष कोणते व कोठून आले ह्याचा निर्विवाद उलगडा झाला नाही. शंभर प्रेते समोर असता, उत्तम प्रयोगशाळा हाताशी असता कारण सांगता आले नाही. आणि जे अद्याप घडलेलेच नाही त्याविषयी एका ऋतूच्या पाहणीवर आपण ‘परिणाम नगण्य’ असे ठामपणे लिहितो! त्यातही पाहणी जर घरट्यांच्या काळात न होता हिवाळ्यात, प्रवासाच्या सोयीने झाली, तर वाळूवर अंडी दिसणारच नाहीत, आणि न दिसलेली अंडी कोष्टकात शून्य होऊन बसतील. शून्य, अज्ञात आणि अल्प ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते. अज्ञात म्हणजे पाहिले नाही, किंवा पाहूनही कळले नाही. अल्प म्हणजे पाहिले, मोजले आणि थोडे निघाले. ‘नगण्य’ हा शब्द ह्या तिघांना एकच कपडे घालतो. अल्प हेही कोणाच्या मापाने, हा प्रश्न उरतोच : शेकडो किलोमीटरांच्या नदीत दोनशे मीटरांचा काठ लांबीच्या हिशेबाने अल्प, पण त्या टापूतल्या साऱ्या माद्या जर त्याच काठावर येत असतील, तर घरट्यांच्या हिशेबाने तो सर्वस्व.

ह्याला एक व्यावहारिक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आपल्यापैकीच कोणी घेईल. अधिकाऱ्याचे काम निर्णय करण्याचे. प्रत्येक अज्ञाताची नोंद करीत बसलो तर एकही फाईल पुढे सरकणार नाही, आणि फाईल अडली की नावा पुन्हा बुडतील. आक्षेप हलका नाही. अहवाल तयार करणारा सल्लागार प्रकल्प करणाऱ्याच्याच पैशाने नेमला जातो. जागा आणि आराखडा आधीच ठरलेला असतो. वरून तारीख आलेली असते. अशा वेळी एकट्या माणसाने काय करावे? माझे म्हणणे इतकेच की मोजणे ही गोष्ट निर्णयाच्या आड येत नाही. उशिरा मोजणे येते. कोट्यास महामार्गाचा जो झुलता पूल झाला, तो अभयारण्याच्या पात्रात खांब नकोत म्हणून तारांनी तोलून धरण्याचे ठरले, आणि साडेतीनशे मीटरांचा मधला गाळा पाण्याला पाय न लावता पार केला गेला. प्रश्न आराखड्याच्या आधी विचारला गेला म्हणून नदीला उत्तर मिळाले. पण हिशेब तेथेही पुरा झाला असे नाही : बांधकाम चालू असता २४ डिसेंबर २००९ रोजी त्याचा भाग कोसळला आणि अठ्ठेचाळीस माणसे मेली, पूल खुला व्हावयास २०१७ चा ऑगस्ट उजाडला. त्या अपघाताचा घडियालाशी संबंध नाही. पण पुलाची किंमत सांगताना आपण रुपये सांगतो, क्वचित घडियाल सांगतो. ती अठ्ठेचाळीस माणसे कोणत्या घरात लिहावयाची? पुलाच्या दोन्ही काठांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना तो आकडा ठाऊक आहे?

बदलीच्या नोकरीत एक सुख आहे आणि तेच एक मोठे नैतिक संकटही आहे. आपल्या सहीचे परिणाम दिसू लागेपर्यंत आपण तेथे नसतो. ज्याच्या शेताच्या बांधाला बांध लागून असतो तो शेजाऱ्याच्या पाण्याविषयी सांभाळून बोलतो, कारण त्याला तेथेच मरावयाचे असते. आपल्याला चंबळेकाठी मरावयाचे नसते. तिची भाषा आपली नाही, तिचे देव आपले नाहीत, तिच्या पुराने आपले घर जात नाही. परंतु ह्याच परकेपणाचा एक सदुपयोगही आहे. स्थानिक माणसाला पूल आपल्या गावाजवळ हवा असतो, ठेकेदाराला तो सोयीच्या जागी हवा असतो, पुढाऱ्याला तो निवडणुकीपूर्वी हवा असतो. ज्याला स्वतःसाठी काहीच नको असे एकच माणूस त्या खोलीत असू शकते, आणि ते म्हणजे बदलून आलेला अधिकारी. सुनावणीला सुसर येत नाही, पाणचिरा निवेदन देत नाही, अजून न जन्मलेली मुले टपाल पाठवीत नाहीत. ज्यांच्या वतीने कोणी हजर नाही त्यांची नोंद जर ह्या निःस्वार्थ माणसाने केली नाही, तर ती दुसरे कोणी करील अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे.

त्यासाठी वीरश्रीची गरज नाही. पूल अडवून धरावा असेही नाही. एप्रिलच्या उन्हात एकदा त्या वाळूवर जाऊन यावे. नावाड्याला आणि कासवांची अंडी ओळखणाऱ्या केवटाला विचारावे, कारण अहवालात न आलेले बरेचसे ज्ञान त्याच्याकडे असते. जागा ठरण्यापूर्वी दुसरी जागा कोणती, भरावाऐवजी आणखी गाळे देता येतील काय, हे विचारून उत्तर फायलीवर आणावे. पुलाबरोबर वाळूच्या गाड्या येतील त्यांवर पहारा कोण ठेवणार, त्याचे नाव लिहून घ्यावे. पूल झाल्यावर पाच वर्षांनी पुन्हा कोण मोजणार, तेही. आणि कोष्टक पुढे आले म्हणजे जेथे ‘नगण्य’ लिहिले आहे तेथे बोट ठेवून विचारावे : पाहिले आणि नव्हते? पाहिले आणि थोडे होते? की पाहिलेच नाही? तिसरे उत्तर मिळाले तर तो शब्द खोडून त्या जागी ‘ठाऊक नाही’ असे दोन शब्द लिहावे आणि खाली सही करावी. असे केल्याने बढती थांबल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. निदान त्या भीतीने जितके हात थांबतात तितके खासच नाही.

मग बदलीचा हुकूम येईल, सामान बांधले जाईल, आणि चंबळ पुन्हा एकदा गाडीच्या खिडकीतून ओलांडावयाची नदी होईल. फाईल मात्र तेथेच राहील. आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या पुलासाठी ती कोणीतरी उघडील, आणि त्याला आपल्या हस्ताक्षरात एवढे तरी कळेल की येथे काहीतरी होते, ते किती होते हे आम्हांस समजले नाही, आणि ते नव्हते असे आम्ही म्हटले नाही.